घसारा वजा जाता

आमच्या बँकेत माणूस निवृत्त झाला की त्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. ज्याला उद्यापासून कुठेच वेळेवर पोचायचं नसतं त्यालाच नेमकं घड्याळ का देतात, हे कोडं मला चोवीस वर्षांच्या नोकरीत सुटलेलं नाही. पण निदान काहीतरी मिळतं. वस्तू निवृत्त झाली तर तिला काहीच मिळत नाही. तिच्या नशिबी असतो तो घसारा.

ज्या वाचकांनी कॉमर्सच्या वाटेला न जाण्याचं शहाणपण दाखवलं, त्यांच्यासाठी सांगतो. समजा बँकेनं एक खुर्ची घेतली. तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते. मग दर ३१ मार्चला खुर्ची झिजली असं समजून तिच्या किमतीतून ठरावीक रक्कम कमी करायची. हा घसारा. खुर्चीवर वर्षभर कुणी बसलं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि बसणारा किती झिजला याच्याशी तर नाहीच नाही. असं करत करत शेवटी वहीत खुर्चीची किंमत एक रुपया उरते. हा एक रुपया मोठा चिवट. तो तिथंच राहतो, आणि मग एके दिवशी साहेब म्हणतात, "अहो, ही अडगळ काढा." तीन भंगारवाल्यांची कोटेशनं मागवायची, जास्तीचं धरायचं, खुर्ची हातगाडीवर चढते.

खुर्चीचं हे ठीक आहे. पण सातशे फूट लांबीच्या खुर्चीचं काय करायचं? आणि तिच्यावर बसून कुणी युद्ध जिंकलं असेल तर? तिचा तो शेवटचा एक रुपया कुठल्या वहीत मांडायचा?

मी बोलतोय ते आय.एन.एस. विक्रांतबद्दल. जुन्या विक्रांतबद्दल. नवीही आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी व्याकरणाचा मुद्दा. विक्रांत हे नाव बुवाचं, पण सगळे म्हणतात ‘ती विक्रांत’. मी घरी शंका काढली तेव्हा आमची ही चटकन म्हणाली, "त्यात काय? डोक्यावर एवढी विमानं घेऊन फिरायचं, हजार माणसांच्या जेवणाखाण्याचं बघायचं आणि अंगात कणकण असली तरी कामावर जायचं. हे जिनं केलं ती बाईच असणार." त्यानंतर मी व्याकरणाच्या शंका ऑफिसातच काढतो.

विक्रांतचा जन्म इंग्लंडातला. न्यूकॅसलला टाइन नदीच्या काठी विकर्स-आर्मस्ट्राँगची गोदी होती, तिथे १९४३ साली तिचं बांधकाम सुरू झालं. नाव ठेवलं हर्क्युलिस. काम दुसऱ्या महायुद्धासाठी. आता गंमत बघा. जपाननं शरणागतीच्या कागदावर सही केली ती २ सप्टेंबर १९४५ ला. हर्क्युलिसबाई पाण्यात उतरल्या २२ सप्टेंबरला! युद्धाला वीस दिवस उशिरा पोचणं हा आमच्याकडे सरळसरळ लेट मार्क आहे. वरात पुढे गेल्यावर बँडवाल्यानं येऊन "कुठून वाजवायला सुरुवात करू?" म्हणून विचारावं, तशातला प्रकार.

युद्ध संपलं, पैसे संपले, काम थांबलं. साधारण तीन-चतुर्थांश झालेली बोट तशीच पडून राहिली. मुंबईकराला अर्धवट बांधकामाचं नवल नाही. इथं सळ्या बाहेर काढून दहा-दहा वर्षं उभ्या असलेल्या इमारती आपण रोज पाहतो. पण त्या पूर्ण झालेल्या फारशा पाहत नाही. हर्क्युलिसचं नशीब बरं. १९५७ च्या जानेवारीत ती भारत सरकारनं विकत घेतली आणि उरलेलं काम करायला बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत नेली. टायटॅनिक ह्याच गोदीत बांधलेलं. हे ऐकल्यावर आमच्या हेडकॅशियरनी हातातला नोटांचा गठ्ठा खाली ठेवला आणि दोनदा रामनाम घेतलं.

तिथं तिला तिरका डेक मिळाला आणि वाफेवर चालणारं कॅटापल्ट मिळालं. कॅटापल्ट म्हणजे भली थोरली गलोल. विमानतळावर विमानाला दौडायला मैलभर जागा असते. इथं जागा एका चाळीच्या लांबीएवढी. तेव्हा वाफेच्या जोरावर विमान समोर भिरकावून द्यायचं. आणि परत येताना? विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. डेकवर आडव्या ताणलेल्या तारा असतात. त्यांतल्या एखाद्या तारेत तो आकडा अडकला की विमान जागच्या जागी थांबलं. नाही अडकला तर पुन्हा उडायचं आणि पुन्हा रांगेत यायचं. बँकेत यालाच "उद्या या" म्हणतात.

४ मार्च १९६१ ला बेलफास्टला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती भारतीय नौदलात दाखल झाली. पहिले कप्तान प्रीतमसिंग महिंद्रू. त्याच वर्षी १८ मे रोजी तिच्या डेकवर पहिलं जेट विमान उतरवलं ते ताहिलियानी नावाच्या लेफ्टनंटनं. हा लेफ्टनंट पुढे नौदलप्रमुख झाला. ३ नोव्हेंबरला विक्रांत मुंबईला पोचली आणि तिचं स्वागत करायला खुद्द पंडित नेहरू आले. म्हणजे पाण्यात पडल्यापासून कामावर रुजू व्हायला हिला सोळा वर्षं लागली. पण रुजू झाल्यावर मात्र तिनं सगळी कसर भरून काढली.

रुजू होऊन दीड महिना झाला नाही तोच गोव्याची कामगिरी आली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तेव्हा ही गोव्याच्या समुद्रात पहारा देत होती. बॉम्ब टाकावा लागला नाही. दाराशी उभं राहण्यानंच काम भागलं. १९६५ च्या युद्धात ती मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती. पाकिस्ताननं मात्र ती बुडवल्याचं जाहीर केलं. रजेवर असलेल्या माणसाच्या नावानं दुखवट्याची सभा घ्यावी, तसं झालं.

आणि मग १९७१.

आमच्या शाखेत एक नौदलाचे पेन्शनर यायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, बोलणं कमी. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला यायचे. हयातीचा दाखला म्हणजे माणसानं स्वतः बँकेत यायचं आणि आपण अजून जिवंत आहोत हे सहीनिशी सिद्ध करायचं. समोर धडधडीत उभा असलेला माणूस कागदाशिवाय जिवंत धरायचा नाही, हा आमचा नियम. तर हे गृहस्थ विक्रांतच्या बॉयलररूममध्ये होते. एकदा सर्व्हर बंद पडला (हे बँकेत इतिहास शिकण्याचे क्षण) तेव्हा त्यांनी सांगायला सुरुवात केली. पुढे मी वाचून खात्री करून घेतली, तर त्यांच्या सांगण्यात एक नॉटही जास्तीचा नव्हता.

१९७० च्या जूनमध्ये विक्रांतच्या बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमांना बारीक बारीक चिरा सापडल्या. वेल्डिंगनं बुजणाऱ्या नव्हत्या. नवे ड्रम आपल्याकडे मिळत नव्हते, ते इंग्लंडला मागवले. दिल्लीहून हुकूम आला की बॉयलर पेटवू नका. सात-आठ महिने पोरगी घरी बसून. इकडे पूर्वेला युद्धाचे ढग जमायला लागले. मग १९७१ च्या मार्चमध्ये वाफेचा दाब कमी ठेवून बॉयलर पेटवले आणि जपून चाचण्या घेतल्या. मूळ वेग २४ नॉटच्या वर; तो १४ नॉटवर आणून ठेवला. १४ नॉट म्हणजे ताशी २६ किलोमीटर, आपल्या बेस्टच्या बसचा रिकाम्या रस्त्यावरचा वेग. शिवाय विमानं उडायला समोरून वारा लागतो आणि तो वारा जहाजाच्या वेगातूनच मिळतो. जहाज मंद, तर विमानाचं उड्डाण अवघड. एका बॉयलरला लोखंडी पट्टे आवळले आणि आत नजर ठेवायला एक खिडकी बसवली.

"त्या खिडकीशी कोण उभं राहायचं?" मी विचारलं.

"पाळीपाळीनं. कुणीतरी उभं राहायलाच हवं ना," ते म्हणाले आणि पासबुक पुढे केलं. सर्व्हर सुरू झाला होता.

विक्रांत पूर्वेकडे गेली. तिला शोधून बुडवायला पाकिस्ताननं गाझी ही पाणबुडी बंगालच्या उपसागरात पाठवली. पूर्व विभागाचे नौदलप्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी काय करावं? विक्रांत अंदमानच्या एका आडबाजूच्या बंदरात लपवली आणि विशाखापट्टणमच्या बाजारात शिधा, मांस, भाजीपाला यांच्या मोठमोठ्या मागण्या नोंदवल्या. बाजारात हेर असणारच. एवढी भाजी म्हणजे एवढं मोठं जहाज इथंच आहे, असा हिशेब त्यांनी करावा, म्हणून. जोडीला राजपूत ही जुनी विनाशिका भरपूर बिनतारी संदेश सोडत विक्रांतचं सोंग वठवत होती. जगाच्या लष्करी इतिहासात तोफांना महत्त्व देतात. माझ्यासारख्या कारकुनाला भाजीच्या बिलाचं महत्त्व जास्त वाटतं. गाझी विशाखापट्टणमजवळ आली आणि ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास तिथंच बुडाली. नेमकी कशानं बुडाली यावर दोन्हीकडचे जाणकार अजून वाद घालतात. तिच्यातला एकही माणूस वाचला नाही. इथं विनोद थांबवतो. ती माणसंही कुणाच्यातरी पगाराच्या मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या घरांतली होती.

४ डिसेंबरला सकाळी विक्रांतवरून सी हॉक विमानं उडाली. आधी कॉक्स बझार, मग दुपारी चितगाव. पुढचे दिवस सी हॉक आणि अलिझे विमानांनी पूर्व पाकिस्तानची बंदरं बंद करून टाकली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सही झाली. या खेपेला बाई वेळेवर होत्या. तिच्या माणसांना दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं मिळाली. बॉयलरला चक्र देण्याची पद्धत नाही.

त्यानंतरही ती पंचवीस वर्षं कामावर होती. ऐंशीच्या दशकात नवी सी हॅरियर विमानं आली, त्यांच्यासाठी तिच्या नाकाशी घसरगुंडी उलटी लावावी तसा चढ बांधला. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. ३६ वर्षं नोकरी. आमच्याकडे माणसाचीही साधारण इतकीच होते. तोवर भारताची रीत अशी की लढाऊ जहाज निवृत्त झालं की मोडीत. विक्रांतबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत झालं की हिला मोडायचं नाही, संग्रहालय करायचं. आपल्याकडे एकमत झालं की मी थोडा घाबरतो. एकमत झालेल्या कामाचा पुढे पाठपुरावा करायला कुणी उरत नाही.

२००१ पासून लोकांना ती पाहायला मिळू लागली. मी पाहिली ती २००७ च्या सुमारास, नौदल सप्ताहात, दीड तास रांगेत उभा राहून. आत हँगरमध्ये जुनी विमानं मांडलेली. पोरं तिथून हलायला तयार नव्हती. एक तरुण नौसैनिक कॅटापल्टची माहिती देत होता आणि एक आजोबा त्याला मधूनमधून दुरुस्त करत होते. आमच्या हिला विमानांत रस नव्हता. तिनं भटारखान्याची चौकशी केली, पोळ्या कशा व्हायच्या ते विचारलं. मग जिन्याच्या कठड्यावर बोट फिरवून पाहिलं. वरून चकचकीत करडा रंग, खालून पापुद्रा. "आपल्या गॅलरीच्या ग्रिलला दोन वर्षांआड रंग द्यावा लागतो," ती म्हणाली, "इथं तर खाली सगळं खारं पाणी. हिला रंग कोण देतं?"

मी म्हणालो, "नौदल."

"पाण्याखालून?"

या प्रश्नात जहाज जतन करण्याचं सगळं शास्त्र आलं. वरचा रंग हा पाहुण्यांसाठी असतो. जहाज टिकतं ते पाण्याखालच्या पत्र्यावर. खाऱ्या पाण्यात पोलाद रोज थोडं थोडं विरघळतं, शिंपले चिकटतात, पत्रा पातळ होत जातो. तो वाचवायचा तर काही वर्षांनी जहाज कोरड्या गोदीत न्यायचं, पोट खरवडायचं, पत्रे बदलायचे, रंगवायचं, परत आणायचं. आणि हे एकदा नाही. दर काही वर्षांनी, कायमचं. निवृत्त जहाज कामावरच्या जहाजाइतकाच औषधपाणी खातं आणि पगार मात्र कमावत नाही. घरोघरच्या म्हाताऱ्यांबद्दल लोक असंच बोलतात. पण म्हाताऱ्यांना निदान पेन्शन असतं.

२०१२ साली विक्रांतवर जाणं धोक्याचं म्हणून ती लोकांना बंद झाली. कायमची जागा, किनाऱ्याजवळचा धक्का, खासगी भागीदार अशा योजना वर्षानुवर्षं कागदावर तरंगत होत्या. कागदाला गंज चढत नाही हा त्याचा मोठाच गुण. अखेर इलेक्ट्रॉनिक लिलाव झाला आणि एका जहाजतोड कंपनीनं ६० कोटींना ती घेतली.

२०१४ च्या जानेवारीत आमच्या लंच अवरला दुसरा विषय नव्हता. सगळ्यांचं रक्त उसळलेलं. हेडकॅशियरनी कॅल्क्युलेटर ओढला. कागदोपत्री १६,००० टन वजन धरलं तर ६० कोटी म्हणजे किलोला साडेसदतीस रुपये. "अहो, दिवाळीच्या सुमारास कांदा याच्याहून महाग होता!" खरंच होता. मग त्यांनी दुसरा हिशेब केला. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख. ६० कोटी भागिले तेवढे. डोई अठ्ठेचाळीस रुपये! चार वडापावांत विक्रांत! टाळ्या पडल्या. हेडकॅशियर म्हणजे बोलून दाखवणारा माणूस नव्हे. त्यांनी स्टीलची ताटली टेबलावर ठेवली आणि आपले अठ्ठेचाळीस रुपये टाकले.

टाळ्या जरा मंदावल्या. एकानं विचारलं, "पावती मिळेल का? ८०-जी मध्ये बसेल?" एक म्हणाला, "मी ठाण्याचा. मला बृहन्मुंबईच्या डोईत धरू नका." मी पन्नासची नोट टाकून दोन रुपये परत घेतले, हिशेब म्हणजे हिशेब. सोळा जणांच्या शाखेत अकरा जणांनी दिले. जमा ५२८ रुपये. आता व्हाउचर करायचं. डेबिट ठीक आहे, पण क्रेडिट कुणाच्या नावानं? इथं हेडकॅशियरचं पेन थांबलं. काही मंडळी धडपडत होती, उच्च न्यायालयात जनहितयाचिका गेली होती. त्यांना मनापासून नमस्कार. पण "हे जहाज आम्ही घेतो, इथं ठेवतो, दर वर्षी इतका खर्च असा भागवतो" असं म्हणणारं खातं आम्हाला सापडेना. बारा कोटी हात सलामीला वर होते, त्यांतला एकही रंगाचा ब्रश धरलेला नव्हता.

याच गोष्टीचं दुसरं टोक पाहायचं तर लंडनला जायला हवं. (मी गेलेलो नाही. आमची बदली विरारच्या पलीकडे होत नाही.) तिथं थेम्स नदीत टॉवर ब्रिजजवळ एच.एम.एस. बेलफास्ट नावाची क्रूझर उभी आहे. विक्रांतची चुलत बहीणच म्हणा. त्याच हारलँड अँड वुल्फ गोदीत बांधलेली, १९३८ साली पाण्यात उतरलेली, १९४४ च्या नॉर्मंडीच्या स्वारीत तोफा डागलेली. १९७१ च्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारनंही हेच ठरवलं होतं की परवडत नाही, मोडीत काढा. तिचे एक जुने कप्तान होते मॉर्गन मॉर्गन-जाइल्स. नाव दोनदा सांगणारा माणूस काम एकदा सांगून गप्प बसणार नव्हता. ते तोवर खासदार झाले होते. त्यांनी एक ट्रस्ट काढला, पैसे उभे केले, जहाज ताब्यात मागून घेतलं. २१ ऑक्टोबर १९७१ ला बेलफास्ट तिकीट लावून लोकांना खुली झाली. १९७८ मध्ये ती इम्पीरियल वॉर म्युझियमकडे गेली. १९९९ मध्ये तिला ओढत पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत नेलं, पोट खरवडून परत आणून उभी केली.

म्हणजे १९७१ च्या ज्या सालात आपली विक्रांत पट्टे आवळलेला बॉयलर घेऊन लढत होती, त्याच सालात तिची बहीण संग्रहालय झाली. इंग्रज आपल्याहून जास्त हळवे आहेत म्हणून ती वाचली असं मला वाटत नाही. हळवेपणात आपण त्यांना दर किलोमागे हरवू. फरक एवढाच की तिथं एका माणसानं खातं उघडलं.

आपल्याकडेही जमतं की. विशाखापट्टणमला कुरसुरा ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी किनाऱ्यावरच्या वाळूत ओढून घेऊन लोकांना खुली केली. पाण्याबाहेर काढल्यानं पोटाखालच्या गंजाचा प्रश्न बराचसा मिटला. आमच्या हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शहाणी माणसं."

विक्रांतचं पुढचं थोडक्यात सांगतो, कारण लांबवण्यासारखं नाही. उच्च न्यायालयानं याचिका फेटाळली. मे २०१४ च्या अखेरीस ती नौदल गोदीतून दारूखान्याला नेली. दारूखाना म्हणजे शब्दशः दारूगोळ्याचं कोठार. आयुष्यभर दारूगोळा वागवलेल्या जहाजाला शेवटचा पत्ता असा मिळाला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचाही निर्णय झाला आणि २२ नोव्हेंबर २०१४ ला तोडायला सुरुवात झाली.

नोव्हेंबर म्हणजे आमचा हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनर आले. काठी आली होती बरोबर. सही केली. मला काय बोलावं ते कळेना, म्हणून मी भंगारवाल्याला दोन शब्द घातले. ते शांतपणे म्हणाले, "त्याला कशाला बोलता? त्यानं पैसे मोजले. बाकी कुणी मोजले?" मग पेनाचं टोपण नीट लावून परत दिलं. बँकेत पेन परत देणारा माणूस विरळा.

ते ५२८ रुपये वर्षभर हेडकॅशियरच्या ड्रॉवरमध्ये एका पाकिटात होते. चहा-सामोशाची सूचना आली ती त्यांनी ऐकली नाही. डिसेंबरात सशस्त्र सेना ध्वजदिनाचा डबा आला त्यात ते घातले आणि पाकीटसुद्धा घातलं.

पुढे २०१६ साली विक्रांतच्या पोलादातून दोन गोष्टी झाल्या. मुंबईत लायन गेटजवळ एक स्मारक उभं राहिलं, आणि बजाजनं त्या पोलादाचा अंश असलेली ‘व्ही’ मोटरसायकल काढली. आमच्या शाखेतल्या त्या ठाणेकरानंच पहिल्यांदा घेतली, कर्जावर. टाकीवर हात थोपटून तो सांगायचा, "विक्रांत आहे ही." हप्ते मात्र त्यानं एकही न चुकवता भरले, म्हणून मी त्याला मनातून माफ केलं.

विराटची कथा तर अजून वर्षांची ताजी. ती २०१७ मध्ये निवृत्त झाली. २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला राज्य मंत्रिमंडळानं ८५२ कोटींची योजना मंजूर केली. आणि २०२० मध्ये ती ३८ कोटी ५४ लाखांना विकली जाऊन गुजरातेत अलंगला मोडीत गेली. मंजूर ८५२, वसूल ३८. एवढी तफावत आमच्या कॅशमध्ये आली असती तर शाखा रात्रभर उघडी राहिली असती. २०२५ मध्ये गुलदार हे आणखी एक निवृत्त जहाज राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे आलं आहे, ते त्याच निवतीच्या समुद्रात तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याच्या योजनेसाठी. योजना चांगली आहे, माशांची सोय होईल. फक्त मनात येतं की जी तरंगती ठेवायची ती आपण मोडली आणि जे ठेवायचं ठरवलं ते बुडवून. शिवाजी महाराजांच्या, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे आपण वारस. त्या आरमारातलं एक गलबत, एक गुराब आज पाहायला उरलेलं नाही. तेव्हाच्या लाकडाला वाळवी होती, काळ होता, इंग्रज होते. पोलादाला फक्त आपण होतो.

आता नवी विक्रांत. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला नौदलात दाखल झाली. संपूर्ण देशात बांधलेली पहिली विमानवाहू नौका, खर्च सुमारे २०,००० कोटी. तीही कधीतरी निवृत्त होईल. जुनीच्या हिशेबानं साधारण २०५८ च्या पुढे. तेव्हा भाषणं होतील, एकमत होईल, रक्त उसळेल. मी हयात असलो तर काठी घेऊन सहीला जाईन.

पण आमच्याकडे एक साधी योजना आहे, तिला आवर्ती ठेव म्हणतात. दर महिन्याला थोडे टाकायचे, मुदत संपली की एकदम मिळतात. तरुण जोडपी पोरीच्या शिक्षणासाठी ती पाळण्यातच उघडतात. बारसं झालं की दुसऱ्या दिवशी बँकेत. विक्रांतचं बारसं होऊन गेलं आहे. जहाज कुठं ठेवायचं, दर किती वर्षांनी गोदीत न्यायचं, तिकीट किती, ट्रस्टी कोण, हे ठरवायला तीसेक वर्षं हाताशी आहेत, आणि हप्ता आजच्या भावानं चार वडापावांहून जास्त बसणार नाही.

फॉर्म छोटा आहे. नाव, पत्ता, उद्देश, मुदत. शेवटी वारसाच्या नावाचा एक रकाना आहे. काउंटरवर बसून सांगतो, तो बहुतेक लोक रिकामाच सोडतात.